पालेस्त्रीनाचं मोटेट आणि आर्काडेल्टचं मॅड्रिगल: नऊ गळ्यांनी एकाच कार्यक्रमात कसं गावं?

प्रश्न थोडक्यात असा: नऊ जणांचा हौशी गायनवृंद आहे, सर्वांत वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत तीन सोप्रानो, दोन आल्टो, दोन टेनर, दोन बास. निम्मे जण हिंदुस्थानी संगीत शिकलेले, उरलेले स्टाफ नोटेशन वाचणारे. कार्यक्रमात पालेस्त्रीनाचं ‘सीकुत चेर्वुस’ हे लॅटिन मोटेट (अनेक आवाजांची धार्मिक रचना) आणि आर्काडेल्टचं ‘इल बियांको ए दोल्चे चिन्यो’ (‘पांढरा गोड हंस’) हे इटालियन मॅड्रिगल (तशीच, पण लौकिक कवितेवरची रचना) घ्यायचं ठरलंय. एक देवाचं, एक प्रेमाचं, पण कानाला दोन्ही जवळपास सारखीच वाटतात. मग गाताना फरक कुठे करायचा आणि तालीम कशी घ्यायची?

सारखी वाटतात, कारण घडण सारखीच आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीत चर्चचं संगीत लिहिणारे आणि दरबारात, बैठकीच्या खोलीत गायचं संगीत लिहिणारे बहुतेक वेळा तेच लोक होते. तुमचा आर्काडेल्टच घ्या. हा फ्लेमिश बाजूचा माणूस 1540 पासून दहाएक वर्षं रोममध्ये पोपच्या गायनवृंदात गात होता. त्याच्या आदल्या वर्षी, 1539 मध्ये, व्हेनिसच्या गार्दानो छापखान्यातून त्याच्या चार आवाजांच्या मॅड्रिगलांचं पहिलं पुस्तक निघालं. तुमचा हंस त्यातलाच. हे पुस्तक पुढच्या शंभरेक वर्षांत पन्नासहून जास्त वेळा छापलं गेलं. उलट बाजूने पालेस्त्रीना. त्याने तरुणपणी प्रेमाची मॅड्रिगलं छापली आणि 1584 च्या मोटेटसंग्रहाच्या अर्पणपत्रिकेत त्याबद्दल लाज वाटते असं लिहिलं. पण ‘व्हेस्तीव्हा इ कोल्ली’ या स्वतःच्याच मॅड्रिगलवरून त्याने एक अख्खं मास (चर्चच्या मुख्य उपासनेचं संगीत) रचलंय. पुढे आक्विलीनो कोप्पीनीने तर मोंतेव्हेर्दी या संगीतकाराच्या मॅड्रिगलांचे शब्द काढून तिथे लॅटिन धार्मिक शब्द बसवले आणि 1607 पासून ते छापले. स्वर जवळजवळ तेच राहिले.

म्हणून ‘धार्मिक म्हणजे गंभीर, संथ, पोकळ आवाजात, लौकिक म्हणजे चटपटीत’ असा फरक करू नका. हौशी वृंदांची पहिली चूक हीच असते आणि तिच्यामुळे दोन्ही रचना पडतात. फरक शोधायचा तो शब्दांत. मोटेटमध्ये एक वाक्य चार गळ्यांतून पुढेमागे फिरत राहतं आणि कुठल्याही क्षणी चौघे वेगवेगळ्या शब्दावर असू शकतात. या मॅड्रिगलमध्ये बराच वेळ चौघे एकच अक्षर एकदम म्हणतात. तालमीची पद्धत या एका गोष्टीवरून ठरते.

आधी प्रत निवडा. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या संकेतस्थळावर दोन्हींच्या अनेक फुकट प्रती आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. चांगल्या प्रतीत अगदी सुरुवातीला मूळ क्लेफ (स्टाफवर कुठला स्वर कुठे ते सांगणारी खूण) आणि मूळ पहिला स्वर दाखवलेला असतो, आणि संपादकाने घातलेले शार्प-फ्लॅट ओळीच्या वर बारीक अक्षरात असतात. हे बारीक शार्प-फ्लॅट म्हणजे ‘मूझिका फिक्ता’. त्या काळी मुक्कामाच्या जागी, म्हणजे ओळ जिथे विसावते तिथे, गायकाने काय वर-खाली करायचं हे छापत नसत, गायकाला ते माहीत असे. नियम साधा आहे: दोन आवाज सहाव्या स्वरांतरावरून सप्तकावर उघडत असतील, तर वर चढणाऱ्याने षड्जाआधीचा निषाद शुद्ध लावायचा. प्रतीत वर शार्प असेल तर तो बहुधा याच कारणासाठी असतो. दोन प्रतींमध्ये असा शार्प वेगळ्या ठिकाणी दिसला तर गोंधळू नका. एक निवडा, सगळ्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने तोच लिहा. अर्धे जण एका प्रतीवरून आणि अर्धे दुसऱ्या प्रतीवरून गाताहेत, हे दोन महिन्यांनी कळणं फार नेहमीचं आहे.

मूळ क्लेफ का बघायचा? त्या काळी स्वराची उंची ठरलेली नव्हती. सगळ्या आवाजांना नेहमीपेक्षा उंच क्लेफ दिले असतील तर रचना चार-पाच स्वर खाली गायची, असा संकेत होता. त्याला ‘कियाव्हेत्ते’ म्हणतात. पालेस्त्रीनाचं सहा आवाजांचं ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ अशाच उंच क्लेफमध्ये आहे. ते छापल्या उंचीवर गायला गेलात तर सोप्रानोंचा गळा जातो. तुमच्या दोन्ही रचना आधुनिक प्रतींत बहुधा एफमध्ये, म्हणजे आपल्या पेटीच्या पांढरी चारमध्ये मिळतील. तिथे अडचण वेगळी येते: ‘आल्टो’ची ओळ मुळात उंच गाणाऱ्या पुरुषांसाठी असल्यामुळे बायकांना ती खाली जाते. नेहमीचा उपाय म्हणजे पांढरी पाच धरणं. पण तुमच्याकडे काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या शास्त्रीय गायिका असतील, तर त्यांना आल्टोत बसवा. खर्जाच्या बाजूचे भरीव स्वर त्यांच्याकडे आयते असतात आणि पट्टी बदलावी लागत नाही. पट्टी वर नेली की बास आणि टेनरच्या वरच्या स्वरांवर ताण येतो, हेही हिशेबात धरा.

आता सुरांची जुळणी. इथे तुमच्या शास्त्रीयवाल्यांचं पारडं जड आहे. या संगीताचा मेजर कॉर्ड (सा, शुद्ध गांधार आणि पंचम एकदम) गोड लागतो तो गांधार शुद्ध नैसर्गिक ठिकाणी लागल्यावर, आणि ते ठिकाण तुम्ही तंबोऱ्यात रोज ऐकता: खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार. षड्जापासून तो 386 सेंटवर असतो (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट), पेटीचा किंवा कीबोर्डचा 400 वर. हे 14 सेंट म्हणजे कॉर्ड स्थिर उभा राहणं आणि कॉर्ड किरकिरणं यातलं अंतर. म्हणून कीबोर्डवर पहिला स्वर द्या आणि तो बंद करा. कॉर्ड त्यावर तपासू नका. पहिल्या दोन तालमींत पांढरी चारचा तंबोरा लावा. बासने सा, टेनरने पंचम, सोप्रानोने वरचा सा धरायचा. मग आल्टोने गांधार वरून हळूहळू खाली आणायचा, कॉर्डमधली थरथर थांबेपर्यंत. ती थांबलेली सगळ्यांना एकदम कळते. गांधारवाल्याने बाकीच्यांपेक्षा हळू गायचं. पंचम आणि षड्ज भक्कम असले की गांधार आपोआप ऐकू येतो.

तंबोरा एवढ्यापुरताच. रचना गाताना तो बंद, कारण इथे आधाराचा स्वर बासबरोबर सतत हलतो आणि तंबोरा चालू ठेवला तर दर तिसऱ्या कॉर्डला भांडण होतं. हंसाच्या मॅड्रिगलमधली सगळ्यात प्रसिद्ध जागा हे लगेच दाखवून देईल. ‘एद इयो पियांजेन्दो’, ‘आणि मी रडत रडत’, इथे सगळं मजेत पांढरी चारच्या मेजरमध्ये चाललेलं असताना ‘पियांजेन्दो’वर अचानक काळी दोनचा मेजर कॉर्ड येतो. सरगममध्ये सांगायचं तर कोमल निषाद, ऋषभ, मध्यम. एका कॉर्डात खोलीतला उजेड कमी होतो. हिंदुस्थानी गायक इथे सवयीने जुन्या षड्जाकडे बघून कोमल निषाद लावतात. मग हा निषाद कुठल्या रागाचा, खमाजाचा की काफीचा, असा प्रश्न मनात येतो आणि तिघे तीन निषाद लावतात. इथे तो निषाद म्हणून गाऊच नका. त्या कॉर्डापुरता काळी दोन हाच सा समजा, पांढरी पाच हा त्याचा गांधार, काळी पाच हा पंचम. एफचा कॉर्ड आणि हा कॉर्ड, एवढीच दोन पावलं दहा वेळा पुढे-मागे गा. शब्द नंतर. जोर मात्र देऊ नका. रंग स्वरांतच आहे. वर ‘रडका’ आवाज काढला की जागा स्वस्त होते.

भाषेसाठी एक अख्खी तालीम राखून ठेवा, स्वर न लावता. मराठी माणसाला इथे काही गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत. इटालियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, आपल्यासारखे. इंग्रजी शाळेच्या सवयीने ‘मोर्टे’ म्हणू नका, ‘मोर्ते’. ‘चेर्वुस’, ‘चिन्यो’, ‘दोल्चे’ यांतला च ‘चिमणी’तला, ‘चमचा’तला नव्हे. (पुढे कधी ‘दोल्चेत्झा’सारखा शब्द आला की मात्र ‘चमचा’तला च उपयोगी पडेल, इटालियन जोड-झेड त्याच्याच जवळ जातो.) ‘मिल्ले’तला ल्ल ‘गल्ली’सारखा खरोखर दुप्पट थांबवायचा. आडवं येतं ते दोन ठिकाणी. एक, ‘फोन्तेस’चा फ ओठ मिटून म्हणू नका, वरचे दात खालच्या ओठावर. दोन, अनुस्वाराची सवय. ‘पियांजेन्दो’ आणि ‘कान्तान्दो’ म्हणताना आपण आ लगेच नाकात नेतो. स्वर तोंडात मोकळा ठेवा, न शेवटच्या क्षणी म्हणा.

इटालियनमध्ये शेजारी आलेले दोन स्वर एका नोटेवर मावतात. ‘बियांको ए’ची ‘को-ए’ ही दोन अक्षरं एकाच स्वरावर आहेत. प्रतीत ती एकाखाली एक किंवा जोडरेघेने छापलेली असतात. सरळ वाचणारा माणूस ‘ए’साठी नवी नोट घेतो आणि पुढची सगळी ओळ एक घर सरकते. ‘आल्टो चुकल्या’ असं वाटतं, पण चूक बहुधा ही असते.

लॅटिनमध्ये आघात नीट खुणावून ठेवा: चेर्-वुसमध्ये पहिल्यावर, दे-सि-दे-रातमध्ये दुसऱ्यावर, आ-क्वा-रुममध्ये मधल्यावर, आ-नि-मामध्ये पहिल्यावर. ‘देउस’ ही दोन अक्षरं आहेत, ‘द्यूस’ नव्हे. आघाताचा एवढा खटाटोप कशासाठी, तर बारच्या, म्हणजे मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या, रेघांमुळे. मूळ छपाईत त्या नव्हत्या. आधुनिक प्रतीत त्या वाचनाच्या सोयीसाठी घातल्यात, पण डोळ्याला रेघ दिसली की गळा तिथे जोर देतो, आणि शास्त्रीयवाले तर तिला सम समजतात. या संगीतात सम नाही. हाताची एक खाली-वर अशी शांत चाल आहे, ‘ताक्तुस’, आणि गाफूरियस या संगीतशास्त्रकाराने 1496 मध्ये तिला शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीची उपमा दिलीय. ती फक्त मोजते, ठोकत नाही. शब्दाचा आघात तिच्या वर, खाली, मध्ये कुठेही पडू शकतो आणि चार आवाजांत तो एकाच वेळी चार ठिकाणी पडतो. गंमत त्यातच आहे. ‘आनिमा’चा ‘मा’ बारच्या पहिल्या मात्रेवर आलाय म्हणून तिथे धक्का दिलात, की ओळ लगेच लंगडते.

यासाठी एक व्यायाम करून बघा. चौथ्या तालमीच्या आत प्रत्येकाने स्वतःची ओळ हाताने कोऱ्या स्टाफवर उतरून काढायची, बारच्या रेघा न घालता. मोटेट तेवढ्यावरूनच गायचं, पूर्ण स्वरलिपी मिटून. मूळ गायकही असंच वाचत. चर्चमध्ये एका घोडीवर ठेवलेली मोठी पोथी आणि सगळे भोवती, मॅड्रिगलसाठी प्रत्येक आवाजाची वेगळी वही. दुसऱ्याची ओळ आपल्या ओळीखाली जुळवून लिहिलेली नसे, ती ऐकावीच लागे. पहिल्या खेपेला रचना तीन-चारदा कोसळेल. कोसळू द्या. कुठे कोसळते ते लिहून ठेवा, कारण तिथेच कोणीतरी शेजाऱ्याला न ऐकता नुसतं मोजत असतं.

मोटेटची बांधणी सांगतो. मजकूर बायबलमधल्या स्तोत्राचा: हरीण जसं पाण्याच्या झऱ्यांसाठी आसुसतं, तसा देवा, माझा जीव तुझ्यासाठी आसुसतो. पवित्र शनिवारी बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे जाताना हे शब्द म्हणत. वाक्याचे तीन तुकडे, प्रत्येकाला स्वतःची धून, आणि ती धून एकेका आवाजात उगवते. सुरुवात टेनर करतो, मग आल्टो, सोप्रानो, शेवटी बास. नेहमीचा घोटाळा असा की आत येणारा प्रत्येक जण जोरात येतो आणि तसाच जोरात राहतो. बास येईपर्यंत भिंत उभी राहिलेली असते आणि टेनरची धून कुठे गेली ते कळत नाही. नियम ठरवा: धून सुरू करणाऱ्याने शब्दाच्या पहिल्या आघातापर्यंत पुढे यायचं, मग ताणलेल्या अक्षरावर मागे सरून नव्या येणाऱ्याला जागा द्यायची. आवाज लहान करायचा, लय नाही. ‘इता देसिदेरात’ला (‘तसा आसुसतो’) नवी धून सुरू होते तेव्हा जुना तुकडा दुसऱ्या आवाजात अजून संपलेला नसतो. तो सांधा ऐकू येऊ नये. म्हणून तिथे सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा नाही. एका भागातल्या दोघांनी आपापसात ठरवून वेगवेगळ्या जागी घ्या, शक्यतो लांब नोट जराशी आखडून. नव्या नोटेची सुरुवात उशिरा करून कधीच नको.

लय मिनिटाला 66 ते 72 मिनिम (अर्ध्या नोटा) अशी ठेवा. पहिला भाग साधारण तीन मिनिटांत झाला पाहिजे. चार मिनिटं लागत असतील तर तुम्ही भक्तिभाव दाखवताय, आणि श्वास पुरेनासा झाला की सूर उतरणारच. ‘सितीवित आनिमा मेआ’ हा दुसरा भागही आहे. बरेच वृंद तो सोडून देतात. वेळ असेल तर घ्या, तहान तिथे जास्त उघडी पडते.

मॅड्रिगलला उलट वागणूक द्या. सुरुवातीला वरचे तीन आवाज एकत्र बोलतात, बास नंतर मिळतो. तीन गळ्यांतून ‘बियांको’तला ‘क’ एकाच क्षणी पडला पाहिजे, म्हणून आधी फक्त कुजबुजून लयीत म्हणा. कुजबुजीत व्यंजनांची ढिलाई लपत नाही. मजकूर काय आहे ते सगळ्यांना कळू द्या: पांढरा गोड हंस गात गात मरतो आणि मी रडत रडत आयुष्याच्या शेवटाला येतो, नशीब किती वेगळं, तो मरतो उदास आणि मी मरतो तृप्त, मरणात दुसरं काही दुःख नसेल तर दिवसातून हजार मरणं मरायला मी राजी. त्या काळच्या इटालियन कवितेत हे ‘मरण’ म्हणजे शृंगाराची परिसीमा, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळायचं. कार्यक्रमपत्रिकेत ‘हंसाचं शोकगीत’ असं छापू नका. आणि डोळे मिचकावतही गाऊ नका. शब्द जितके साधे म्हणाल तितका दुसरा अर्थ स्वतःहून वर येतो. ‘दी मिल्ले मोर्त इल दी’ला आत्तापर्यंत एकत्र चाललेले आवाज सुटतात आणि एकामागून एक तीच ओळ घेऊन येतात. हजार मरणं अशी मोजली जातात. इथे हलकं, पुढे जात गायचं. ‘शेवट आला’ म्हणून लय ओढली तर मोजणी बुडते.

माणसं किती लावायची, यातही फरक करा. मोटेट नऊही जणांनी गावं. मॅड्रिगल एका आवाजाला एक माणूस, चौघांनी, टेबलाभोवती बसल्यासारखं एकमेकांकडे वळून. मूळ प्रघात असाच होता. ते मुख्यतः गाणाऱ्यांच्या स्वतःच्या मजेसाठी होतं. चौकडी बदलत दोनदा गा, उरलेल्यांना ऐकू द्या. साथीला वाद्यं हवीत का? पोपच्या सिस्टीन चॅपलमध्ये नसत, व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये भरपूर असत, त्यामुळे ‘शुद्धते’चा बाऊ करू नका. पण नऊ जणांत दोन-दोनच टेनर-बास असताना ऑर्गन घेतलात तर तोच ऐकू येईल.

शास्त्रीयवाल्यांसाठी तीन बंधनं: मींड नाही, कण नाही, लांब स्वरावर आंदोलन नाही. स्वरावरून स्वरावर थेट जायचं. मींडीमुळे मधल्या वाटेत शेजाऱ्याशी कॉर्ड बिघडतो. आपल्याकडे तंबोरा ते सहन करतो, तीन गळे करत नाहीत. पण हात अगदीच बांधू नका. सोळाव्या शतकात तानेसारखी भरणी करून गाण्याची रीत होतीच. दाल्ला कासा या वादकाने 1584 मध्ये आणि बास्सानो या दुसऱ्या वादकाने 1591 मध्ये व्हेनिसमध्ये त्याची पुस्तकं छापली, आणि बास्सानोने पालेस्त्रीनाची मोटेटंही त्यासाठी घेतली. मॅड्रिगलच्या दुसऱ्या फेरीत, एकाच गळ्याने, मुक्कामाआधीच्या लांब स्वरावर सरळ चढउताराची लहान तान घ्यावी. बाकी तिघे छापल्याप्रमाणे. दोघांनी एकाच जागी घेतली तर पाठोपाठचे पंचम लागतात आणि चांगली तानही चुकीसारखी ऐकू येते.

गोव्याकडचं कोणी वृंदात असेल, चर्चच्या मेस्तांकडे (संगीतशिक्षकांकडे) लहानपणी सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) गिरवलेलं आणि लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मोटेटं गायलेलं, तर त्याला टेनरची सुरुवात द्या. एकट्याने शांतपणे पहिला स्वर उचलायची सवय त्याच्या अंगात असते.

सूर उतरतोय का, हे दर तालमीला तपासा: शेवटचा कॉर्ड धरून ठेवा आणि पिच-पाइप वाजवा. पाव श्रुती-अर्धी श्रुती खाली असेल तर घाबरू नका. शुद्ध स्वरांतरं साखळीने लावत गेलं की काही वळणांवर सुमारे 22 सेंटचा फरक स्वभावतःच साचतो. अर्ध्या स्वराच्या वर गेलात तर कारण दुसरं असतं, बहुतेकदा खाली उतरणाऱ्या ओळीत प्रत्येक पायरी जरा जास्त मोठी टाकणं आणि चढताना तेवढी परत न मिळवणं. अशी ओळ गाताना खाली उतरणारं पाऊल आखूड टाका. मॅड्रिगलच्या शेवटी ‘कोन्तेन्तो’वर सोप्रानो स्वर धरून उभी राहते आणि खालचे आवाज आणखी एक फेरी मारून तिच्याकडे येतात. तिने तिथे स्वर फुलवू नये, कंपही देऊ नये. खालच्यांना घर सापडतं ते तिच्याच स्वरावरून.